काळी माती, सराटे आणि घसारा

सोमवार

परतीचा पाऊस थांबून चार दिवस झाले. टेकडीवरची मुरमाड वाट वाळली, खाली शेतांकडची काळी जमीन अजून ओली. आठवड्याची पहिली नोंद जमिनीचीच असावी, सायकलचं नंतर. सह्याद्रीच्या या बाजूला माउंटन बाइक चालवणाऱ्याचा दिवस सत्कारणी लागणार की वाया जाणार, हे बहुतेक वेळा माती ठरवते. पुणं साधारण 560 मीटर उंचीवर आहे आणि वेताळ टेकडीचा माथा 800 मीटरच्या आसपास. म्हणजे चढ जेमतेम अडीचशे मीटरचा, पण तेवढ्यात माती, मुरूम आणि उघडा कातळ अशा तिन्ही जमिनी चाकाखालून जातात.

काळ्या मातीचं वागणं आधी समजून घ्यावं. ही रेगूर माती बेसॉल्ट झिजून तयार झालेली आहे. तिच्यातले मॉन्टमोरिलोनाइटचे कण थरांमध्ये पाणी ओढून घेतात आणि फुगतात. म्हणून ती वरून कोरडी दिसली तरी दोन बोटं खाली लोण्यासारखी असते. चाक आधी नुसतं जड होतं, मग टायरची नक्षी बुजते, आणि पंचवीस-तीस मीटरमध्ये चिमट्यात आणि मागच्या फ्रेममध्ये लगदा बसून चाक फिरेनासं होतं. नेमकी इथेच महागडी चूक होते: जोर लावून पॅडल मारत राहायचं. माती आणि गवताचा तो लगदा डिरेलरच्या, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या मागच्या यंत्रणेच्या, छोट्या चाकांत अडकतो, चेन पुढे सरकत नाही, आणि पायाचा सगळा जोर डिरेलरला ओढून आऱ्यांत नेऊन घालतो. हँगर वाकतो. हँगर हा डिरेलर फ्रेमला जोडणारा ॲल्युमिनियमचा, मुद्दाम कमजोर ठेवलेला तुकडा; तो वाकतो म्हणून फ्रेम वाचते. पण जवळपास प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो आणि सोबतच्याच्या सायकलचा आपल्याला बसेलच असं नाही. सीटखालच्या पिशवीत आपल्या फ्रेमचा एक जादा हँगर ठेवला तर पंधरा मिनिटांत गाडी रुळावर येते. नाहीतर पाच-सहा किलोमीटर सायकल ढकलत घरी.

निघण्याआधी एक साधी परीक्षा करावी. वाटेवरची मूठभर माती घ्यायची आणि तळहातांत वळायची. पेन्सिलीएवढी वळी न तुटता झाली, तर आज तिथे जायचं नाही. चुरा झाला तर खुशाल जावं.

न जाण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते जास्त मनाला लागतं. ओल्या वाटेवर उमटलेली चाकोरी ऑक्टोबरच्या उन्हात विटेसारखी कडक होते. मग हिवाळाभर तिच्यात पुढचं चाक अडकतं, चालणाऱ्यांचे पाय मुरगळतात आणि पुढच्या जूनमध्ये पाणी तिच्यातूनच धावत वाट खणून काढतं. एका सकाळच्या हौसेपायी वाट वर्षभर जखमी राहते.

मंगळवार

सराटे पिकले. पडीक रानात आणि वाटेच्या कडेला पिवळ्या फुलांचा जो नाजूक वेल जमिनीला चिकटून पसरलेला असतो, तोच हा. त्यालाच गोखरूही म्हणतात. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा जमिनीवर असा बसतो की एक काटा वर राहावा. बाभळीचा काटा लांब, पांढरा. तो टायरच्या बाजूच्या भिंतीतून आरपार जातो, कधी थेट रिमच्या पट्टीपर्यंत. पण बाभूळ एका वेळी एक भोक पाडते. सराटा एका चाकाला आठ-दहा पाडतो.

ट्यूब असेल तर पॅच लावण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. तुटलेलं टोक डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागलं तर रक्त काढतं, पण कापसाचे तंतू त्याला बरोबर अडकतात. हे केलं नाही तर नवी ट्यूब शंभर मीटरवर बसते, आणि दोष ट्यूबला दिला जातो. पॅचच्या बाबतीतही घाई नडते. सँडपेपरने घासायचं, सोल्युशनचा पातळ थर द्यायचा, आणि त्याची चमक जाऊन तो कोरडा दिसेपर्यंत थांबायचं, साधारण पाच मिनिटं. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच उन्हात सुटतो.

सराट्यांच्या मुलखात खरा उपाय ट्यूबलेसच: आत ट्यूब नसते, भोकं आपोआप बुजवणारा द्रव म्हणजे सीलंट असतं. 29 इंची, 2.3 इंच रुंदीच्या टायरला सुमारे 100 ते 120 मिलिलिटर सीलंट लागतं. बाटलीवर तीन ते सहा महिने लिहिलेलं असतं. दख्खनच्या कोरड्या उन्हात ते दोन-अडीच महिन्यांतच सुकून आत रबराचा गोळा होतो, आणि सराट्यांच्या ऐन हंगामात टायर कोरडं निघतं. तपासायला टायर उघडायची गरज नाही. व्हॉल्व्ह वर घेऊन सगळी हवा सोडायची, म्हणजे सीलंट व्हॉल्व्हमध्ये चढत नाही. मग व्हॉल्व्हमधला बारीक गाभा फिरवून काढायचा, चाक फिरवून व्हॉल्व्ह खाली आणायचा, दोन मिनिटं सीलंट तळाशी जमू द्यायचं आणि उदबत्तीची जळलेली काडी आत घालायची. टोक ओलं निघालं तर ठीक. कोरडं किंवा चिकट निघालं तर त्याच भोकातून सिरिंजने 60 मिलिलिटर घालायचं.

रुतलेला सराटा वाटेत उपटू नये, घरी आल्यावर पकडीने काढावा. काढल्या काढल्या भोक खाली येईल असं चाक ठेवलं की सीलंट तिथे जमून बुजतं. मोठी चीर असेल तर प्लगची रबरी वात आत ढकलायची, बाहेर राहिलेली टोकं फार जवळून कापायची नाहीत. आणि गॅसच्या नळकांडीने हवा भरली असेल तर ती घरी सोडून पंपाने साधी हवा भरावी. कार्बन डायऑक्साइड रबरातून लवकर झिरपतो, त्यामुळे सकाळी चाक मऊ मिळतं. शिवाय काही लॅटेक्स सीलंट त्या थंड गॅसने दुधासारखी फाटतात.

बुधवार

आज सायकल नुसती पुसायची आणि बघायची. जेट वॉशच्या फवाऱ्याखाली धरायची नाही; ते पाणी सीलमधून बेअरिंगमध्ये शिरतं, छर्ऱ्यांचं ग्रीस धुतलं जातं आणि महिन्याभरात हबमधून खरखर ऐकू येते. बादली, मऊ ब्रश, भांड्याचा थोडा साबण, पुरे.

पावसाळाभर चाललेल्या सायकलचे ब्रेक पॅड हमखास संपलेले असतात. ओल्या मातीतली बेसॉल्टची कच पॅडला कानशीसारखी खाते, आणि रेझिनचे पॅड तर फारच लवकर जातात. पावसात मेटॅलिक पॅड बरे, आवाज करतात तो करोत. पॅडचा झिजणारा भाग एक मिलिमीटरवर आला की बदलायचे. चाक काढलेलं असताना ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबायचा नाही, पिस्टन बाहेर येतात. आणि ब्रेकमध्ये मिनरल ऑइल आहे की डॉट फ्लुइड हे लिव्हरवर वाचूनच बाटली उघडायची. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट गेलं तर आतली सीलं खराब होतात आणि अख्खा ब्रेक जातो.

चेनचं माप: बारा पूर्ण जोड बारा इंच भरायला हवेत. एक सोळांश इंच जास्त भरले की अकरा-बारा गिअरच्या सायकलची चेन बदलायची वेळ झाली. पुढे ढकललं तर कॅसेटचे, म्हणजे मागच्या गिअरचक्रांचे, दात तिच्या मापाने झिजतात आणि मग नवी चेन त्यावर उड्या मारते.

गुरुवार

चढ. पुढे 32 दातांची चेनरिंग, मागे 42 दातांचं चक्र आणि 29 इंची चाक असेल तर पायाच्या एका फेऱ्यात सायकल साधारण पावणेदोन मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेरे मारले तर वेग ताशी सव्वासहा किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाएवढा. हा आकडा लक्षात असला की टेकडीवर आजोबा बाजूने पुढे गेले तरी वाईट वाटायचं कारण उरत नाही. गिअर आपलं काम चोख करतोय.

मुरमावर उभं राहून पॅडल मारलं की मागच्या चाकावरचं वजन सरकतं आणि चाक जागेवर फिरतं. सीटच्या पुढच्या टोकावर बसायचं, कोपरं वाकवून छाती हँडलकडे न्यायची. तेवढ्याने मागचं चाक जमीन धरतं आणि पुढचं उचललं जात नाही. गिअर चढ लागण्याआधी पाडायचा. जोरात असताना पाडला तर चेन कडकड करते, कधी तुटते. आणि चढावर पाय टेकलाच, तर पुन्हा सुरुवात सरळ वर तोंड करून करू नये. वाटेला तिरकं उभं राहून एक पॅडल मारायचं आणि मग वळायचं.

गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. टाच पॅडलवर ठेवून पाय खाली नेल्यावर गुडघा जेमतेम सरळ व्हावा, एवढी उंची सुरुवातीला पुरते.

शुक्रवार

विश्रांती. फक्त हवा मोजायची. सत्तर किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये पुढे 21-22, मागे 24-25 पीएसआय. ट्यूब असेल तर तीसच्या आसपास, कारण त्याखाली कातळाची धार ट्यूबला रिमवर चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

शनिवार

घसारा. ट्रेक करणाऱ्यांनी दिलेला हा शब्द सायकलवाल्यांनाही तंतोतंत लागू पडतो. कडक जमिनीवर सुटा मुरूम पसरलेला असतो, फरशीवर छर्रे सांडावेत तसा. नवे लोक इथेच पडतात, आणि ते वेगामुळे कमी, ब्रेक दाबलेला राहिल्याने जास्त. टायरची पकड ठरावीक असते. ती वळण्यात खर्च होईल किंवा थांबण्यात. दोन्ही एकदम मागितलं की पुढचं चाक निसटतं आणि खांदा जमिनीवर येतो. गळपट्टीचं हाड मोडतं ते असंच.

म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा, जिथे कातळ किंवा घट्ट माती दिसेल तिथे. पुढचा ब्रेक त्या घट्ट तुकड्यावर एका बोटाने दाबायचा, सुटा मुरूम आला की सोडायचा, पुन्हा घट्ट जागा आली की दाबायचा. वळणात सायकल झुकवायची, अंग सरळ ठेवायचं. दोन्ही पॅडल एका पातळीत, टाचा खाली, कोपरं बाहेर. पॅडल खाली राहिलं तर बेसॉल्टच्या धोंड्यावर आपटून सायकल उडते. नजर चाकापुढच्या दगडावर खिळली की चाक त्याच दगडावर जातं. ताशी 20 किलोमीटर वेगाला सेकंदाला साडेपाच मीटर जातात, तेव्हा निदान दहा-बारा मीटर पुढे बघावं. उतार सुरू होण्यापूर्वी सीट पाच-सात सेंटिमीटर खाली करावी. ड्रॉपर, म्हणजे बटणाने वर-खाली होणारा सीटचा दांडा, नसेल तर सीटच्या दांड्यावर टेपची खूण करावी, म्हणजे परत वर घेताना उंची चुकत नाही.

सावलीतल्या कातळावर पावसाळ्यातलं शेवाळ आता वाळून काळा पापुद्रा झालंय. दुपारी ते निरुपद्रवी असतं. सकाळी दव पडलं की तोच पापुद्रा बुळबुळीत होतो. त्यावर ना ब्रेक, ना वळण. सरळ जाऊ द्यायची.

उतारावर हात भरून येतात, बोटं मिटेनाशी होतात. बऱ्याचदा लिव्हर चुकीच्या जागी असतो. तो आत सरकवून तर्जनी लिव्हरच्या टोकाच्या वळणावर येईल असा लावला की निम्मी ताकद पुरते. या खेळाची सुरुवातच ब्रेकच्या हालांतून झाली आहे. 21 ऑक्टोबर 1976 रोजी कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत काही जणांनी जुन्या जड सायकली डोंगरावरून खाली सोडून शर्यत लावली. मागे उलटं पॅडल मारून लागणारा ब्रेक होता. उतार संपेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर नव्याने भरावं लागायचं. त्या वाटेचं नावच रिपॅक, म्हणजे ‘पुन्हा भरा’, पडलं.

रविवार

पहाटे साडेपाचला निघायचं, कारण सातनंतर टेकडी चालणाऱ्यांची असते. अरुंद वाटेवर उतरणाऱ्या सायकलने थांबावं, चढणाऱ्याला आणि चालणाऱ्याला आधी जाऊ द्यावं. घंटी वीस पावलं आधीच, हलकेच. कानाजवळ वाजवलेली घंटी दचकवते, आणि दचकलेला माणूस नेमका आपल्या वाटेत उडी मारतो. टेकडीवरची कुत्री पाठीमागे लागली तर पळण्यापेक्षा उतरून सायकल मध्ये धरावी. बहुतेक वेळा ती तिथेच थांबतात.

लांब जायचं असेल तर तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी, एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू, खिशात शेंगदाण्याची चिक्की आणि दोन केळी. मोजे घोट्यावर चढणारे घालावेत. गवत पिवळं पडतंय, आणि कुसळं मोज्यात शिरली की दिवसभर टोचतात. कासच्या पठारासारख्या सड्यांवर मात्र चाक नेऊ नये. कातळावरच्या दोन बोटं मातीत तिथली रोपं तग धरून असतात, एका टायरखाली ती पुरती चिरडली जातात. तिथे सायकल रस्त्यावर ठेवून चालत जावं.

परत आल्यावर मागच्या टायरमध्ये चार सराटे मिळाले, सीलंटने चारही बुजवले. काडी ओली निघाली. टायरच्या आत पुढच्या वेळी कधी बघायचं ते रिमवरच्या चिकटपट्टीवर मार्करने लिहिलं: 15 डिसेंबर. खालची काळी जमीन अजून वळते आहे.