वाकडा भांग

गेल्या रविवारी लेकीबरोबर ‘माय नेबर टोटोरो’ हा जपानी ॲनिमेशनपट पाहिला. ती सहा वर्षांची, तिला ती मांजरबस आपल्या गल्लीत हवीये. मी मात्र दवाखान्यातल्या प्रसंगापाशीच अडकले. आई पलंगावर, थोरली लेक सात्सुकी तिच्याकडे पाठ करून बसलेली, आणि आई तिचे केस विंचरतेय. माझेही लहानपणी असेच होते, म्हणतेय. धाकट्या मेईला धीर नाही, तिलाही आत्ताच विंचरून हवेत.

१९९१ साली आमची आई मिरजेला दवाखान्यात होती, अडीच महिने. मी अकरा वर्षांची, भाऊ पाच. शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबिनी सक्तीच्या. रिबिनी मी गरम पाण्याचा तांब्या फिरवून झकास इस्त्री करायचे, पण मागचा भांग काही सरळ पडायचा नाही. शाळेत मागच्या बाकावरची मुलगी त्यावरून बोट फिरवायची, “एसटी कुठल्या घाटातून चाललीय गं?”

शेजारच्या काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, “पोर किती समजूतदार बघा.” एकदा तसं नाव झालं की रडायची सोयच उरत नाही.

सात्सुकीही तशीच. उठून सगळ्यांचे डबे भरणारी. मग दवाखान्याची तार येते, आईचं घरी येणं लांबतं, आणि ती मेईवर खेकसते. नंतर शेजारच्या आजीसमोर मोठ्यानं रडते. आई मेली तर, असं सरळ बोलून टाकते. रानातल्या त्या गुबगुबीत प्राण्याची, टोटोरोची छत्री, ते झाड सगळं गोड आहेच, पण माझ्या लेखी सिनेमा इथे आहे. हा सिनेमा १९८८ साली जपानमध्ये ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’च्या जोडीनं लागला होता. त्यातही आईवेगळी भावंडं आहेत, पण थोरल्या सेइताला असं कुणासमोर मोडून पडायला माणूसच मिळत नाही. त्यांचं पुढं काय होतं ते पाहणाऱ्यांना माहीत आहे. मी तो परत पाहणार नाही.

सिनेमाचे दिग्दर्शक मियाझाकी, त्यांची आई त्यांच्या लहानपणी मणक्याच्या क्षयानं कित्येक वर्षं आजारी होती. म्हणूनच बहुधा टोटोरो आईला बरं करत नाही. मेईला मात्र वाटतं, आजीच्या शेतातलं मक्याचं कणीस खाल्लं की आई बरी होईल. ते छातीशी धरून ती एकटीच निघते, वाटेत बकरीलाही देत नाही.

आमच्याकडे ते मोसंबं होतं. मोसंबी खाल्ली की ताकद येते, असं काकू म्हणाल्या होत्या. लहान मुलांना वॉर्डात सोडत नसत, म्हणून भावानं ते आईसाठी माझ्या दप्तरात लपवलं आणि मला सांगायला विसरला. आठवड्यानं हिरवी बुरशी धरलेलं, भूगोलाच्या वहीला चिकटलेलं सापडलं. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. मोसंबं कुणासाठी होतं ते त्यानं नंतर सांगितलं, तेव्हा मोरीत जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ वही धूत बसले.

सिनेमा संपल्यावर भावाला फोन केला. मोसंबं त्याला आठवत नाही. धपाटा आठवतो. “आणि तुझा तो भांग,” म्हणाला, “रोज तुझ्यामागून शाळेत जायचो ना मी.”