ओढा कोणत्या बाजूला?

“ओढा तुमच्या शेताच्या कोणत्या अंगाला?” समोरच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारलं.

“मावळतीला,” मावशी म्हणाल्या.

“मग दाव्यात पूर्वेला कसा?”

मावशींनी पिंजऱ्यातून माझ्याकडे पाहिलं. मी दाव्याच्या दुसऱ्या परिच्छेदाकडे पाहिलं. पूर्वेस ओढा, पश्चिमेस रस्ता. नेमकं उलटं.

चूक मूळ खरेदीखतातली. चतुःसीमा मी तिथूनच उतरवली होती. बरोबर असलेला मोजणी नकाशाही दाव्यासोबत मीच दाखल केला होता, फक्त दोन्ही शेजारी ठेवून वाचलं नव्हतं. गट नंबर, क्षेत्र ठीक होतं. पण उद्या कायम मनाईचा हुकूमनामा झाला, तर दरखास्तीत, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीत, पहिली हरकत इथेच निघाली असती.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 6 रूल 17 खाली दाव्यात दुरुस्ती मागायची, तर 2002 चं परंतुक आडवं येतं. सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती हवी असेल, तर योग्य दक्षता घेऊनही ती बाब आधी मांडता आली नसती, असं कोर्टाला पटावं लागतं. आमचं सरतपासणीचं शपथपत्र केव्हाच दाखल झालेलं, म्हणजे सुनावणी सुरू झालेली.

अर्जात मी नेहमीचं वाक्य घातलं, ‘नजरचुकीने राहून गेले’. हे वाक्य टायपिस्टला सांगावंही लागत नाही. माझ्या सीनियर सरांनी त्यावर काट मारली. “दक्षता घेतली नाही, हे तूच लिहून देतोयस. घडलं तसं लिही.”

तसं लिहिलं. प्रतिवादीच्या सेमध्ये, म्हणजे अर्जावरच्या लेखी म्हणण्यात, एकच सूर होता, नकाशा पहिल्यापासून यांच्याकडेच होता. खरंच होतं ते, त्यावर मी वाद घातलाच नाही. आदल्या रात्री मात्र त्यांची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, पुन्हा वाचली होती. रस्त्याच्या भांडणाची हकिकत सांगताना त्यांनीच लिहिलं होतं, ‘वादीच्या पश्चिमेकडील ओढ्यालगत’. युक्तिवादात मी तेवढी ओळ वाचून दाखवली. जमीन कोणती, याबद्दल त्यांचा कधीच गैरसमज नव्हता आणि दाव्याचं स्वरूपही बदलत नव्हतं.

अर्ज मंजूर झाला. दोन हजार खर्च, आणि दुरुस्तीपुरती मावशींची पुन्हा उलटतपासणी.

आदेशात मुदत नसली की रूल 18 प्रमाणे 14 दिवस मिळतात. मी दुसऱ्याच दिवशी गेलो. लाल पेनाने दोन शब्द खोडले, वर दोन लिहिले, समासात सही, तारीख. मावशी चष्मा लावून बघत होत्या.

“एवढ्याला दोन हजार?”

ते कोणी भरले, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.