माल कुणासाठी, दगड कुठला

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्याला एक सवय लागते. माल हातात आला की आधी विचारायचं, हा कशाला लागणार? ड्वार्फ फोर्ट्रेस हा कॉम्प्युटर गेम खेळताना नेमकं तेच मी विचारलं नाही, आणि माझा पहिला किल्ला त्यात गेला.

या खेळात डोंगर पोखरून बुटक्यांची वस्ती उभी करायची. पहिल्या वर्षी शरदात आपल्याच राज्याचा व्यापारी तांडा येतो. त्यांच्याकडून कापड, धान्य, ऐरण घ्यायची तर बदल्यात द्यायला काहीतरी घडवलेलं हवं. कलावस्तूची मूळ किंमत 10 धरतात आणि तिला मटेरियलच्या आकड्यानं गुणतात. साधा दगड 1, ऑब्सिडियन म्हणजे लाव्ह्याची काळी काच 3, हेमाटाइट म्हणजे लोखंडाचं खनिज 8. मी आठाचा आकडा बघितला आणि राखीव असलेला हेमाटाइट कलावस्तूंसाठी वापरायला परवानगी देऊन टाकली. तांडा खूश झाला, कोठारं भरली. पुढं गोब्लिन, म्हणजे खेळातले शत्रू, चालून आले तेव्हा तलवारी घडवायला लोखंड नव्हतं. हेमाटाइटचा एक दगड वितळवला तर लोखंडाच्या चार कांबी निघतात. त्या मी अंगठ्या आणि बाहुल्यांत घालवल्या होत्या.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा खानापूरहून आला. दिवसभर आम्ही अंगणात राजहंसगड केला, बुरुजाला जांभ्याचे तुकडे लावले, उतारावर आळीव पेरले. रात्री लॅपटॉपवर नवा किल्ला सुरू केला. मी परत खनिजाच्या शिरा शोधायला लागलो, तर तो म्हणाला, "मामा, ग्रॅनाइट एवढा ढिगानं पडलाय की! तोच वापरा ना."

त्याचं बरोबर होतं. खोदकामातून निघालेला ग्रॅनाइट वाटेत नुसता पडून असतो. एका दगडात प्यायचे तीन मग होतात. आणि मटेरियलपेक्षा कारागिराचा हात जास्त मोलाचा, कारण उत्कृष्ट दर्जाच्या वस्तूची किंमत 12 पट होते. नवख्यानं ऑब्सिडियनचा साधा मग केला तर 30, उस्तादानं ग्रॅनाइटचा केला तर 120. आमच्याकडं मोल्डिंगला नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी त्याच्या हातात महागडं काम देत नाहीत, तसंच हे. मी एकच बुटका निवडला, वर्कशॉप त्याच्या एकट्याच्या नावावर केलं आणि वर्षभर त्याच्याकडून मगच करून घेतले. हात बसल्यावर लाव्ह्यावर पाणी सोडून ऑब्सिडियन तयार केला आणि तो त्याला दिला. चुनखडक 2 चा असला तरी त्याला हात लावला नाही. पोलाद करायला तो लागतोच.

कुंभारकामाच्या खानापूरचा पोरगा, भट्टी सुचवणारच. मातीच्या भाजक्या वस्तूंचा आकडा 3 आहे आणि माती संपत नाही. पण भट्टीला कोळसा लागतो आणि त्यासाठी झाडं तोडावी लागतात. म्हणून कोळशाऐवजी लाव्ह्यावर भट्टी चालवता येईपर्यंत तो बेत बाजूला ठेवला.

वसंतात एल्फ, म्हणजे जंगलात राहणारी जमात, व्यापाराला आले. त्यांना झाडं जिवापाड प्रिय, लाकडाची वस्तू पुढं केली की अपमान झाला असं मानतात. हे मला ठाऊक होतं, म्हणून डेपोत, म्हणजे व्यापाराच्या जागी, फक्त दगडी मग आणि हाडांच्या वस्तू आणून ठेवल्या. हाडांचं त्यांना काही वाटत नाही. पण ते दगडी मग भरले होते लाकडी पेटीत. एकेक मग निवडायचा कंटाळा केला आणि सबंध पेटीवरच खूण केली. व्यापारी भडकला, सामान आवरून तांडा चालता झाला. वर्षभराची मेहनत डेपोत तशीच पडून राहिली. भाचा स्क्रीनकडं बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "मामा, पेटी पण लाकडाचीच की हो."

ते मग वाया गेले नाहीत. उन्हाळ्यात माणसांचा तांडा आला, त्यांनी पेटीसकट सगळं घेतलं. त्यांना लाकडाचं वावडं नाही. तेव्हापासून मी हेमाटाइट आणि चुनखडक लोखंड-पोलादासाठी राखून ठेवतो, ग्रॅनाइट शिकणाऱ्या हाताला देतो, ऑब्सिडियन उस्तादाला. लाकडाचं जे काही घडतं ते माणसांसाठी आणि आपल्या बुटक्यांसाठी.

पुढच्या वसंतात एल्फ परत आले तेव्हा माउस भाच्याकडं दिला. त्यानं पेटी उघडली, आतले मग एकेक करून निवडले, पेटी आपल्याकडंच ठेवली. बदल्यात कापड आणि बियाणं मिळालं.