मेळघाटातलं मचाण: रात्र सोन्याची, वाट मात्र फसवणुकीची

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून जनावरं बघायला मेळघाटात जाणाऱ्यांनी आधी एवढं वाचाच. आम्हाला गाडीवाल्याने नाल्याशी उतरवलं. म्हणाला, "पुढं रस्ता नाही जी, तीन किलोमीटर चाला." वनमजुराला बरोबर घेऊन दुपारी दीडला निघालो. ती वाट निघाली सातेक किलोमीटरची, आणि अर्ध्या वाटेत दुसरी जीप धुरळा उडवत आमच्या पुढे गेली. रस्ता होता! आमच्याकडून पंधराशे रुपये जास्त घेऊनही आमच्या गाडीवाल्याने आम्हाला उन्हात चालवलं.

ती पायपीट विसरणार नाही. वाट डोंगराच्या धारेवरून जाते. मे महिन्यात सागाला एक पान नसतं, त्यामुळे सावलीही नसते. घाम फुटायच्या आधीच वाळतो आणि शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात. त्या धारेवर दोन तासांत आम्हाला एकही जनावर दिसलं नाही. सगळी खाली नाल्यात होती, जिथे जांभूळ आणि अर्जुन हिरवे उभे असतात. वानरं फांद्यांवर हातपाय सोडून पडलेली, सांबराची मादी डोहाच्या काठाला चिखलात बसलेली. या भागातलं एकही जनावर दुपारी विनाकारण हलत नाही. आम्ही तेवढे हललो.

धारेवर एकच जीव होता. वनमजुराने माझा दंड धरून थांबवलं. पाऊल पडणार होतं तिथून वीतभर अंतरावर रातवा हा रात्री उडणारा पक्षी बसला होता. वाळक्या पानांचाच रंग, डोळे बारीक चिरेएवढे मिटलेले. रातवा घरटं बांधत नाही, अंडी थेट जमिनीवर घालतो, आणि ही मादी त्या तापल्या मुरमावर अंडी झाकून बसली होती. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. तिने चोच उघडली होती आणि गळ्याची कातडी भराभर थरथरत होती. त्या थरथरीने गळ्यातला ओलावा उडतो आणि अंग थंड राहतं. ती उडाली असती तर अंडी उन्हात उघडी पडली असती. आम्ही लांबून वळसा घेतला.

रात्र मात्र अप्रतिम! पौर्णिमेच्या उजेडात अकराच्या सुमारास मचाणाजवळच्या पाणवठ्यावर अस्वल आलं. पाणी पिऊन ते वारुळाशी गेलं, नखांनी ते उकरलं, आधी फुंकर मारून माती उडवली आणि मग वाळवी ओढून घेतली. तो घरघर आवाज मचाणावर स्पष्ट येत होता. इथल्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून आणि लांब ओठांनी ते वाळवी ओढतं, आणि नाकात माती जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटून घेतं. हे पुस्तकात वाचलं होतं, पण कानांनी ऐकताना अंगावर काटा आला.

जाणाऱ्यांनी सकाळी दहापर्यंत चौकीवर पोहोचावं आणि चारपर्यंत तिथून हलू नये. माणशी पाच लिटर पाणी, ओला दुपट्टा आणि मळकट रंगाचे कपडे घ्यावेत, अत्तर लावू नये. टेंभरं म्हणजे तेंदूची फळं पिकलेली असतात, म्हणून अंधारात त्या झाडांखालून जाऊ नये, तिथे अस्वल असतं. गाडीचं भाडं आणि कुठवर सोडणार हे कागदावर लिहून घ्या. जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही वेळचे पैसे आधी देऊ नका. आम्ही दिले होते, आणि सकाळी गाडी दहा वाजता आली.