माइनक्राफ्टच्या भिंतीवर धड मराठी

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधायच्या गेममधल्या लाकडी पाटीवर 'विद्यार्थी' लिहून बघा. ऱ्हस्व वेलांटी 'व'च्या पुढे जाऊन पडते, 'द' आणि 'य' जोडले न जाता पाय मोडलेला 'द्' सुटाच उभा राहतो, आणि रफार 'थी'वर चढतच नाही. गेम प्रत्येक चिन्ह एकामागोमाग एक मांडत जातो. देवनागरीला तेवढं पुरत नाही, चिन्हं जुळवून त्यांचं अक्षर करावं लागतं. लिबरऑफिस किंवा फायरफॉक्समध्ये हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. गेमच्या पाटीमागे तसं कुणी नाही.

"मावशी, इथं मराठी असं तुटकं का दिसतं?" असं भाच्याने विचारलं आणि ते माझ्या डोक्यातून जाईना. मुलं या जगात तासन्‌तास असतात, घरं बांधतात, दुकानं थाटतात, आणि त्यांची भाषा तिथे मोडक्या अवस्थेत लटकते. गेमची अक्षरं काढायची पद्धतच दुरुस्त करणं हा एक मार्ग होता. मी दुसरा धरला: ज्या प्रोग्रॅमला मराठी नीट येतं, तो प्रोग्रॅमच गेममध्ये आणायचा. म्हणजे भिंतीवर लिबरऑफिस रायटर हा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, आणि तोही चालता.

कल्पना नवी नव्हती. 2020 मध्ये आलेल्या 'व्हीएम कॉम्प्युटर्स' या मॉडने, म्हणजे गेममध्ये बाहेरून घातलेल्या भरीने, व्हर्च्युअलबॉक्सचा आभासी संगणक गेममधल्या मॉनिटरवर आणला होता आणि लोकांनी त्यावर विंडोज 95 चालवलं होतं. मला अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम नको होती, एकच प्रोग्रॅम हवा होता. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि तिथे एक्सव्हीएफबी नावाची सोय आहे. ती खरा मॉनिटर नसतानाही प्रोग्रॅमला पडदा आहे असं भासवते आणि त्या पडद्याचं चित्र मेमरीत ठेवते. योग्य पर्याय दिला तर ते चित्र एका फाइलच्या रूपाने दुसऱ्या प्रोग्रॅमलाही वाचता येतं. फॅब्रिक या मॉड चालवणाऱ्या चौकटीवरचा माझा मॉड जावामधून ती फाइल वाचतो, तिचं टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र, करतो आणि चार ब्लॉक रुंद, तीन ब्लॉक उंच भिंतीवर चढवतो. पडदा 1024×768 चा, म्हणजे एका ब्लॉकला 256 पिक्सेल. गेमच्या नेहमीच्या ब्लॉकवर 16×16 चं चित्र असतं, यावरून फरक लक्षात येईल.

पहिल्यांदा लावलं तेव्हा भिंतीवर काहीच दिसलं नाही, पलीकडचं गवत तेवढं दिसत होतं. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट असतात. एक्सव्हीएफबी त्यातले तीन रंगासाठी वापरतो आणि चौथा शून्य ठेवतो. गेम मात्र त्या चौथ्या बाइटला पारदर्शकता समजतो, शून्य म्हणजे आरपार. तो बाइट 255 केला आणि रायटर उमटला, पण त्याची निळी चिन्हं नारिंगी होती, कारण लाल आणि निळ्याचा क्रम दोन्हीकडे उलटा आहे. क्रम बदलला आणि पांढरंशुभ्र पान समोर आलं. त्यावर 'विद्यार्थी' शब्द जसा असायला हवा तसा होता. मी बराच वेळ त्याच्यासमोर नुसती उभी राहिले.

मग चार पावलं मागे गेले आणि 'नांदेड'चं 'नादेड' झालं.

मॉडने दिलेलं असं टेक्श्चर गेम एरवी ठोकळेबाज पद्धतीने लहान करतो. जवळचा एक पिक्सेल उचलायचा, बाकीचे सोडायचे. दगडमातीला ठोकळेबाजपणा शोभतो. मराठीत मात्र अर्थ एका ठिपक्यात असतो, आणि नेमका तोच ठिपका गाळला जातो. शिरोरेषाही तुटक होत होती आणि रफाराचा नुसता डाग उरत होता. या एका टेक्श्चरसाठी मी गुळगुळीत गाळणी (शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेणारा फिल्टर) लावली आणि दूरवरून बघण्यासाठी चित्राच्या लहान प्रती आधीच तयार करून ठेवल्या. आता आठ-दहा ब्लॉकवरूनही अनुस्वार टिकतो. रोमन अक्षरांवर काम करणाऱ्याला ही अडचण इतकी लवकर जाणवली नसती, असं मला वाटतं.

वेगाचं गणित सोपं होतं. पूर्ण चित्र 3 एमबीचं, आणि सेकंदाला साठदा ते ग्राफिक्स कार्डकडे पाठवण्यात काही अर्थ नाही. गेमचं घड्याळ सेकंदाला वीस ठोके देतं. त्या प्रत्येक ठोक्याला जुन्या-नव्या चित्राची तुलना करायची आणि बदललेला भागच पाठवायचा, एवढं पुरलं.

खरं काम पुढे होतं. पडद्यावर चित्र आणणं हा या खटाटोपाचा सोपा भाग आहे, अवघड आहे ते हात आत पोचवणं. नजर भिंतीवर कुठे पडते ते गेम सांगतो. डाव्या कडेपासूनचं अंतर भागिले चार, गुणिले 1024, की आडवा पिक्सेल मिळतो. उभ्यासाठी उलटं मोजायचं, कारण जगात उंची खालून वर वाढते आणि पडद्यावर वरून खाली. मिळालेली जागा एक्सटेस्ट या सोयीतून एक्सव्हीएफबीला कळवली की आतला बाण तिथे सरकतो. पण मान वळवून छोटं बटण गाठताना जीव मेटाकुटीला येतो. म्हणून भिंतीवर उजवी क्लिक केली की खेळाडू समोर 'बसतो', मान स्थिर होते आणि माउस थेट पडद्यावर चालतो, अशी सोय केली.

कळफलकाची अडचण अस्सल मराठी निघाली. मी इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलक-मांडणीवर टाइप करते. त्यात काना ई कळीवर आहे, दीर्घ उकार टी कळीवर, आणि औकार क्यू कळीवर. माइनक्राफ्टमध्ये ई म्हणजे सामानाची पेटी, टी म्हणजे चॅट, क्यू म्हणजे हातातली वस्तू टाकणे. 'मौज' लिहायला गेलं की कुदळ जमिनीवर, आणि काना दिला की पेटी उघडी. उपाय असा की बसल्यावर मॉड स्वतःचा एक पारदर्शक पडदा उघडतो आणि सगळ्या कळा आधी त्याच्याकडे येतात. शिवाय मी आत अक्षर पाठवत नाही, कोणती कळ दाबली एवढंच पाठवते. तिचा काना करायचा की ई, हे आतला इनस्क्रिप्ट ठरवतो. त्यामुळे जोडाक्षरं, नुक्ता, सगळं आपोआप जमून येतं. एक्सव्हीएफबीत ओपनबॉक्ससारखा छोटा विंडो मॅनेजरही चालवावा लागतो. तो नसेल तर कळा कोणत्या खिडकीकडे जायच्या हेच ठरत नाही.

भाचा त्याच्या संगणकावरून माझ्या जगात आला तेव्हा त्याला काळी भिंत दिसली. साहजिकच, रायटर माझ्या लॅपटॉपवर आहे आणि टेक्श्चर प्रत्येकाच्या संगणकावर वेगळं बनतं. चित्र त्याच्याकडे पाठवायचं तर मॉडच्या एका पाकिटात (नेटवर्कवरून एका वेळी जाणाऱ्या तुकड्यात) सर्व्हरकडून जास्तीत जास्त 1 एमबी जातं. म्हणून पडद्याचे 64×64 चे 192 चौकोन पाडले, आणि बदललेले चौकोन कॉम्प्रेस करून पाठवते. कागद बहुतेक पांढराच असल्याने ते फारच लहान होतात. उलट बाजूची मर्यादा 32,767 बाइट आहे, पण तिकडून फक्त कळा आणि क्लिक येतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. दुसरा खेळाडू भिंतीवर टाइप करतो तेव्हा तो तुमच्या खऱ्या संगणकावर टाइप करत असतो. 'फाइल उघडा' म्हटलं की तुमचे खरे फोल्डर त्याच्यासमोर येतात. म्हणून आतला प्रोग्रॅम वेगळ्या युजर खात्यात चालवा, त्याला इंटरनेट देऊ नका, आणि वाचता-लिहिता येईल असं एकच फोल्डर मोकळं ठेवा. अनोळखी लोकांच्या सर्व्हरवर तर हे लावूच नका.

आवाज अजून भिंतीतून येत नाही, थेट लॅपटॉपमधून येतो. दोघांनी एकाच वेळी टाइप केलं की अक्षरं एकमेकांत मिसळतात, तेव्हा सध्या जो आधी बसेल त्याच्याकडेच कळफलक राहतो आणि दुसऱ्याला फक्त वाचता येतं. भाच्याने त्या भिंतीभोवती ओकच्या लाकडाची खोली बांधली आहे आणि गावातल्या दुकानांचे भाव तो आता तिथेच लिहितो. त्याला पुढे कॅल्क हा लिबरऑफिसचा हिशेबाचे तक्ते करायचा प्रोग्रॅम हवाय, बेरजा आपोआप व्हाव्यात म्हणून. त्यासाठी मॉडमध्ये काही बदलावं लागणार नाही, रायटरऐवजी कॅल्क सुरू करायचं, बस.