हात वाजले

रात्रीचे साडेअकरा. आज 'हात' गेला.

कॅसेटवरच्या गाण्यातला. 'हात वाजले, दार लावा, उलटं पाणी मोजून ठेवा.' इतकी वर्षं हेच ऐकलं. आज कळलं, ते 'सात वाजले' आहे. सात. घड्याळात वाजतात ते.

कुणाचे हात, टाळी की दारावरची थाप, यावर काय काय अर्थ लावले होते. दादाचा तर भलताच होता. त्याला कळवावं का? नको. तो विषयच नको.

आणि कारण तरी केवढंसं! डेकच्या, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राच्या, हेडचा कोन. हेड म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणजे १०,००० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट टेपवर जेमतेम ४.७६ मायक्रॉन जागा घेते. हेडची फट केसभर कलली तरी इतक्या बारीक लाटा पुसल्या जातात. 'स'चा जीव बहुतेक ४,००० हर्ट्झच्या वरच असतो. तो पुसला की 'सात'मधला नुसता श्वास उरतो, आणि कान बिचारा तिथे 'ह' बसवून मोकळा होतो.

आधीचं सगळं नेहमीसारखंच उरकलं होतं. हेड आणि कॅपस्टन (टेप पुढे ओढणारा दांडा) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू दिले. टेप टोकापर्यंत पुढे नेऊन परत मागे गुंडाळली. डॉल्बी, म्हणजे खरखर दाबणारी सोय, बंद. (डॉल्बीशिवाय भरलेली कॅसेट डॉल्बी लावून ऐकली की वरचे आवाज आणखी दबतात. खरखर कमी येते म्हणून आपण खूश.) टेपमागची नमद्याची गादी निखळली होती, ती नसेल तर टेप हेडला नीट टेकत नाही, आवाज येतो-जातो. कवच पाच स्क्रूंचं निघालं म्हणून बरं, चिकटवलेलं असतं तर कापावं लागलं असतं. उघडताना आडवंच ठेवायचं, उभं धरलं की कोपऱ्यातले रोलर घरंगळतात. दोन्ही चकत्या उचलून दुसऱ्या कवचात बसवल्या.

मग हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू, कोन बदलतो तो. मूळ जागेवर मार्करने खूण केली, आउटपुट मोनो केलं, कारण दोन्ही ट्रॅक एकत्र आले की कोनाची चूक लपत नाही. आणि अगदी थोडं थोडं, वळशाचा आठवा भाग. गाण्याकडे लक्ष द्यायचं नाही, मागच्या खरखरीकडे द्यायचं. ती बोथट असते, मग टोकदार होते, पुढे गेलात की पुन्हा बोथट. ती टोकदार झाली आणि तिच्यातून तो गायला, 'सात.'

ज्या शब्दावर एवढा जीव लावला तो गाणं लिहिणाऱ्यांनी लिहिलाच नव्हता. स्क्रूने लिहिला होता.

खूण होतीच. स्क्रू परत मागे फिरवून पाहिला. आवाज पहिल्यासारखा बोथट झाला, पण ऐकू येतं 'सात'च. एकदा कळलं की कान मागे फिरत नाही, स्क्रू फिरतो. हे मात्र फारच लागलं. 'हात' आता कुठेच नाही. टेपवर नाही, कानातही नाही.

चहा केला. गाणं पुन्हा लावलं.

बेस थांबतो तिथे ॲम्प्लिफायरची घरघर टेपवर भरली गेली आहे. ती विजेची, ५० हर्ट्झची असायला हवी. मोजली तर ५२. म्हणजे टेप ४ टक्के जलद पळतेय. अर्ध्या सुराला साधारण ६ टक्के लागतात, तेव्हा गाणं इतके दिवस दोन सुरांच्या मधे लटकलेलं होतं. पेटी कधी जुळली नाही ती यामुळे, आणि आपण बोल लावला पेटीला. वेग उतरवल्यावर तो एकदम थोराड वाटायला लागला. पोरगा कुठे गेला कोण जाणे.

'उलटं पाणी मोजून ठेवा' मात्र जसंच्या तसं. ण, म, न, ल यांचा बराचसा आवाज खालच्या भागात असतो, त्यांना हेडच्या कोनाचं फारसं सोयरसुतक नाही. म्हणजे ही ओळ पहिल्यापासून बरोबरच ऐकत होतो. आणि कळत तेव्हाही नव्हती! 'हात वाजले' होतं तेव्हा निदान मंतरलेलं वाटायचं, पुढे काहीही आलं तरी चालायचं. आता एक माणूस सात वाजता दार लावून घेतो आणि उलटं पाणी मोजतो. सरळ शहाणा माणूस, घड्याळ बघून करतो. हे जास्त अवघड आहे. हसूच आलं.

गाणं डिजिटल करून ठेवलं: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आत. खरखर काढणारं फिल्टर लावलं नाही. ते खरखरीबरोबर 'स'ही खातं, आणि हा 'स' महागात पडलाय.

बी बाजू राहिली. तिला कोन पुन्हा लावावा लागणार, कवचात टेप बसते त्यानुसार दोन बाजूंचा कोन थोडा वेगळा निघतो. तिच्यावर 'फुलाचं भाडं' आहे.

'फ'सुद्धा वरच्याच भागातला.

उद्या बघू. किंवा परवा.