सेल, सेलू आणि ‘कचरा’ नावाचा फोल्डर

“मॅडम, समोरचा म्हणतो मेल पाठवला, माझ्याकडं तर यायलाच नाही. कुठं गेला असंल?”

आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी मला हे विचारतंच. परभणीत वसमत रोडला माझा टायपिंगचा क्लास आहे. मराठी तीस, इंग्रजी चाळीस, सकाळी सातपासून बॅचेस. मेल हुडकायचा धंदा मी कधी मांडला नव्हता. एका विद्यार्थिनीच्या वडिलांचा हरवलेला मेल शोधून दिला. ते मोंढ्यात अडतीवर मुनीम, आणि मोंढ्यात पोचलेली गोष्ट गावभर व्हायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही. तेव्हापासून तेच ते तोंडी सांगत आले. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी लिहूनच टाकते.

मी उलट एकच विचारते. हरवलेल्यांपैकी एखादा मेल नंतर सापडला का, आणि सापडला तर कुठल्या फोल्डरात? माणूस वैतागतो. “सापडला असता तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?” पण अर्धं निदान इथंच होतं. स्पॅममध्ये, म्हणजे नकोशा मेलांच्या फोल्डरात, सापडला, तर ते यंत्राचं काम. तुम्हीच नाव दिलेल्या फोल्डरात सापडला, किंवा जीमेलच्या इनबॉक्समध्ये नाही पण ‘ऑल मेल’मध्ये गपचूप पडलाय, तर बहुधा त्यामागं एक नियम असतो (फिल्टर म्हणतात तो; ‘असा असा मेल आला की तिकडं टाक’ असं यंत्राला सांगून ठेवलेलं), आणि तो तुम्ही, तुमच्या पोरानं नाहीतर मागल्या ऑपरेटरनं लावलेला असतो. लोक दोन्हीला सरसकट ‘स्पॅममध्ये गेला’ म्हणतात आणि बिचाऱ्या स्पॅम फिल्टरला शिव्या घालतात. माझ्याकडं येतात त्यांतले बहुतेक दुसऱ्या जातीचे.

नव्या मोंढ्यात एका काकांचं कृषी सेवा केंद्र आहे. जूनचा पहिला आठवडा होता, मृग तोंडावर, दुकानात सोयाबीनच्या बॅगांची थप्पी छताला लागलेली. सेलूचा एक दुकानदार त्यांच्याकडून माल उचलतो. कुठल्या वाणाच्या किती बॅगा, ते तो रोज संध्याकाळी मेलवर कळवायचा. मेलच का, तर काकांचं म्हणणं, “व्हॉट्सअॅपवर माणूस मेसेज पुसून मोकळा होतो. मेल म्हणजे पुरावा.” पुरावाच यायचा बंद झाला. सेलूवाला म्हणे, मी तर रोज पाठवायलोय. काका म्हणत, वीस वर्षांचा व्यवहार अन् आता खोटं बोलायलाय. मी गेले तेव्हा बोलणं बंद व्हायच्या बेतात होतं.

गल्ल्यामागं कॉम्प्युटर, कीबोर्डवर बुरशीनाशकाची पावडर, स्क्रीनवर थंडरबर्ड, म्हणजे मेल बघायचा प्रोग्राम. मी सेलूला फोन लावला. म्हटलं, भाऊ, आत्ता पाठवा, आम्ही बघत बसलोय. दोघं इनबॉक्सकडं डोळे लावून. ‘सेलू – आजची मागणी’ अशी ठळक ओळ वर उमटली, आणि उंदीर दिसून बिळात जावा तशी गेली.

“आला!” काका म्हणाले. मग जरा थांबून, “गेला?”

‘मेसेज फिल्टर्स’ उघडले. एकच नियम, नाव ‘दिवाळी’. दिवाळीला आलेल्या भाच्यानं लावून दिलेला. कपड्यांच्या जाहिरातींनी काका कावले होते, म्हणून पोरानं लिहिलं होतं: विषयात ‘सेल’ असेल तर मेल ‘कचरा’ फोल्डरात हलव आणि वाचला अशी खूण कर. पोराची नियत साफ, नियमही सुटसुटीत. पण सेलू या नावात स आहे, मात्रा आहे, ल आहे. वर एक ऊकार जास्त. थंडरबर्डचा ‘कंटेन्स’ (म्हणजे ‘असेल तर’) अख्खा शब्द बघत नाही, नुसती अक्षरं बघतो. त्याच्या लेखी सेलू म्हणजे सेलच, शेपूट लागलेला.

‘कचरा’ उघडला तर आत सेलूच्या मागण्या होत्याच. शिवाय हिशेबनीसाचे तीन मेल, ‘एक्सेल शीट जोडली आहे’. आणि काकांच्या मुलीच्या ‘काउन्सेलिंगची तारीख’. सगळ्यांच्या पोटात सेल! खरी खोच मात्र त्या ‘वाचला’ खुणेत होती. न वाचलेले मेल असले की फोल्डरचं नाव ठळक होतं, शेजारी आकडा दिसतो, माणूस निदान डोकावतो. इथं ना ठळक, ना आकडा. मेल दुसरीकडं हलवणाऱ्या नियमाला ही खूण जोडू नका, हे मी आता हात जोडून सांगते.

काकांनी लगेच तोडगा काढला. “आणखी एक नियम लावा. सेलूचा आला की परत इनबॉक्सात आणायचा.” नेमकं इथंच लोकांचं बिघडतं. आधीचा नियम चुकला की त्याच्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. थंडरबर्ड आणि आउटलुक (तोही मेलचाच प्रोग्राम) नियम वरून खाली लावत येतात; आउटलुकमध्ये ‘यापुढचे नियम थांबव’ अशी खूण असते आणि ती कुणाच्या ध्यानात राहत नाही. जीमेलमध्ये तर क्रमच नाही, जे जे फिल्टर जुळतात ते सगळे लागतात. वर-खाली करून तिथं काही साधत नाही. मी ‘दिवाळी’ काढून टाकला. त्या कपडेवाल्याच्या मेलच्या तळाशी ‘अनसबस्क्राइब’ होतं, ते दाबलं. त्यानंही ऐकलं नसतं तर विषयावर नाही, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर नियम लावला असता. विषय रोज बदलतो, पत्ता सहसा बदलत नाही.

शब्दांचे असे अपघात आपल्या गावांच्या नावांनी बरेच होतात. टेंडरं भरणाऱ्या एकानं इंग्रजीत ‘बिड’ (bid) असेल तर टेंडरच्या फोल्डरात, असं लावलं होतं. बिडकीनच्या गिऱ्हाइकाची सगळी बिलं टेंडरांत जाऊन बसली, बिदरचीही. जीमेल मात्र अख्खा शब्द जुळवतं, तिथं हा प्रकार सहसा होत नाही.

तिथं दुसरा होतो आणि तो आपल्या बोलण्यातून येतो. घरात आपण म्हणतो, “नानांचे आणि अण्णांचे मेल बाजूला काढ.” आपल्या मनात दोघांपैकी कुणाचाही. यंत्राला ‘आणि’ सांगितलं तर ते असा मेल शोधत बसतं जो एकाच वेळी नानांनीही पाठवलाय आणि अण्णांनीही. तसा मेल जन्मात येत नाही. नियम लावलेला दिसतो, काम काडीचं करत नाही. तिथं ‘किंवा’ पाहिजे, थंडरबर्डच्या भाषेत ‘मॅच एनी’.

याची उलटी चूक मी स्वतः केलीय, लपवत नाही. बँकेचे ओटीपीचे मेल साचले होते. पाठवणारी बँक, विषयात ओटीपी, असा मेल पुसून टाक, हे मला म्हणायचं होतं. ठिपका राहिला ‘एनी’वर. मग बँकेचा प्रत्येक मेल गेला आणि जगातला प्रत्येक ओटीपीही गेला. ठेवीची मुदत संपल्याचं पत्र त्यात होतं. मला कळेस्तोवर कचरापेटी रिकामी झालेली, आणि ठेव आपोआप पुढं ढकललेली. तेव्हापासून पुसून टाकणारा नियम मी लावत नाही. फार तर हलवते.

टायपिंगवाली आहे म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘ॲडमिशन’ आणि ‘अॅडमिशन’, दोन्ही नीट बघा. डोळ्याला एकच. पण पहिल्यात ॲ हे एकच अक्षर आहे, युनिकोडमध्ये (यंत्रातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत) 2008 साली आलेलं; दुसऱ्यात अ वर वेगळा चंद्र चढवलाय. यंत्राला ते दोन निराळे शब्द. एका कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाचे निम्मे मेल फोल्डरात जायचे आणि निम्मे बाहेर राहायचे, ते यामुळं. क्लर्कनं ज्या कीबोर्डवरून नियम लिहिला त्याच पद्धतीनं टाइप केलेले तेवढे आत. दोन्ही रूपं लिहून मध्ये ‘किंवा’ घातलं. दुसरा इलाज नाही.

आता ते भुताचं प्रकरण. एका शिक्षणसंस्थेत (नाव नको, रोजचं जाणं-येणं आहे) मुख्य कार्यालयाचे मेल ‘जुने’ नावाच्या फोल्डरात जायचे. त्यांनी नियम पुसला होता. मीही बघितलं, यादी कोरी. फिल्टर लॉग सुरू करून ठेवला, म्हणजे कुठल्या नियमानं कधी काय हलवलं त्याची नोंद राहते. मेल जातच होते, लॉग कोराच. ब्राउझरमधून सर्व्हरवरचे (मेल जिथं साठतात त्या मुख्य कॉम्प्युटरवरचे) नियम पाहिले, तिथंही काही नाही. हेडक्लार्क म्हणाले, “मॅडम, रविवारी मात्र जात न्हाईत बरं का.” मी म्हटलं, देवाची सुट्टी असेल. शिपाई मावशींनी खरी गोम सांगितली. “लाइट गेली की बी न्हाई जात.”

लाइट गेली तरी कार्यालय इन्व्हर्टरवर चालतं. इन्व्हर्टर नव्हता तो ग्रंथालयाला. तिथं कोपऱ्यात एक जुना डबा होता. सकाळी बटण दाबलं की थंडरबर्ड आपसूक उघडायचं, त्यात संस्थेचंच खातं आणि केव्हाच निवृत्त झालेल्या बाबूंचा नियम. असा नियम त्या त्या कॉम्प्युटरवर राहतो आणि तो चालू असेस्तोवरच चालतो. पण खातं आयमॅपवर असलं, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहून सगळ्या यंत्रांवर तेच दिसत असले, की त्यानं हलवलेला मेल सगळीकडं हललेला दिसतो. ग्रंथपाल दिवसभर त्याच कॉम्प्युटरवर पुस्तकांच्या नोंदी करत बसायच्या, मागं हे चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. म्हणून विचारते, हे खातं आणखी कुठं कुठं उघडलेलं आहे? जुना लॅपटॉप, पुण्याला शिकणाऱ्या मुलाचा फोन, सगळं आठवा.

नियम जुने होतात, आणि हे मोठमोठ्यांनाही चुकलेलं नाही. स्पॅमअसॅसिन नावाचा फिल्टर जगभरच्या सर्व्हरांवर चालतो. तो प्रत्येक मेलला गुण देतो; नेहमीची रेषा 5 गुणांची, ओलांडली की स्पॅम. त्यात एक नियम होता, तारखेत 2010 किंवा पुढचं साल दिसलं तर मेल लबाड, कारण ते साल फार लांब होतं. मग 1 जानेवारी 2010 उजाडला आणि चांगल्याचुंगल्या मेलांच्या माथी फुकटचे गुण चढायला लागले. ‘दिवाळी’ नियम जूनमध्ये चालू राहिला त्यातलाच प्रकार.

राहिला खरा स्पॅम. जीमेल स्पॅममधले मेल 30 दिवसांनी कायमचे पुसतं, म्हणून शोधायला उशीर करू नका. आणि साधा सर्च स्पॅममध्ये व कचरापेटीत बघतच नाही. सर्चच्या चौकटीत इंग्रजीत ‘इन’, कोलन, ‘एनीव्हेअर’ असं जोडून लिहावं लागतं. मेल उघडला की तो स्पॅममध्ये का आला याची एक पट्टी वर दिसते, ती कुणी वाचत नाही. फिल्टर बदलायचा तर फोनवरच्या अॅपमध्ये सोय नाही, कॉम्प्युटरवर सेटिंगमध्ये जावं लागतं. तिथला ‘कधीच स्पॅममध्ये पाठवू नको’ हा पर्याय ओळखीच्या पत्त्याला लावा, शब्दाला नको. एका गुरुजींनी तो ‘बँक’ या शब्दाला लावला होता. गावातल्या सगळ्या भामट्यांना जेवणाचं आवतण दिल्यासारखं झालं. आणि एखाद्या संस्थेचा मेल सगळ्यांकडंच स्पॅममध्ये पडत असेल, तर दोष बहुतेक पाठवणाऱ्याचा. फेब्रुवारी 2024 पासून गूगलनं पाठवणाऱ्याच्या ओळखीचे पुरावे सक्तीचे केलेत, दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तर जास्तच कडक. ते त्यांच्या डोमेनवर (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावर) नीट करावं लागतं. तुम्ही इकडं कितीही नियम लावलेत तरी तुमच्यापुरतंच भागेल.

मोंढ्यातल्या काकांचं आता बरं चाललंय. ‘कचरा’ फोल्डर त्यांनी काढू दिला नाही, दर शनिवारी उघडून बघतात. सेलूच्या भाऊंशी बोलणं पूर्ववत झालंय. फक्त भाऊ आता विषयात गावाचं नाव मराठीत घालत नाहीत, इंग्रजी अक्षरांत घालतात. मी म्हटलं, भाऊ, तो नियम कधीच काढलाय, लिहा की खुशाल मराठीत.

“असू द्या मॅडम,” भाऊ म्हणाले. “भाचा दिवाळीला पुन्हा येणारंय.”